आवतणात गाळलेलं नाव

रवि. ५ जुलै २००९

लिही. आज माझी नात नंदा घरी आली. सांगणारी मी, लिहिणारी तीच, म्हणून लाजतेय. लाज, पण लिही.

दुपारच्या धसई गाडीने आली. शिलाई मशीनचं डोकं गोणपाटात गुंडाळून मांडीवर. बसमध्ये पोर घेऊन बसतात तसं. रडत आली. शहापूरच्या घरमालकिणीने खोली सोड म्हणून सांगितलं, खाली तिच्याच नवऱ्याचं शिवणाचं दुकान, तिथलं कामही गेलं. दोन वर्षं त्या बाईचे ब्लाउज शिवले, माप घेताना नंदा बाई होती. मग कोणीतरी जाऊन सांगितलं, ही आधी नंदू नावाचा पोरगा होती. त्या दिवसापासून बाईला ब्लाउज घट्ट व्हायला लागले.

याच आठवड्यात दिल्लीच्या कोर्टाने निकाल दिला म्हणे. बाप्याने बाप्यावर जीव लावला तर तो गुन्हेगार नाय, असं कायतरी. नंदा जिथे जाते त्या संस्थेत पेढे वाटले. हिने पेढा खाल्ला आणि खोली रिकामी केली.

मी विचारलं, "म्हणजे आता तुला खोलीतनं कोण काढणार नाय ना?"

"ते वेगळं, आजी. त्याला वेगळा कायदा लागतो."

"मग तो कधी?"

"मागतोय."

मागा. निकाल तोंड गोड करायला आणि कायदा डोक्यावर पत्रा घालायला, असं दिसतंय.

वही नंदाने माझ्या धवल्यांसाठी आणलीय. माझे दात गेले, आवाज चालला. मी गेले की गाणी जातील म्हणून उतरवून घेणार. मी म्हटलं, गाणी वहीच्या पाठच्या बाजूने लिही. पुढच्या बाजूने मी सांगेन ते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नातलं गायले, थोडं माझं पण लिहून होऊ दे.

गुरु. ९ जुलै

आवणी सुरू. नंदा चिखलात उतरली, सुनेच्या बरोबरीने रोप लावलं. कंबर धरली. शिलाईच्या खुर्चीने कंबर नासवलीय.

बाळू, म्हणजे माझा लेक, हिचा बाप, हिच्याशी बोलत नाय. चार वर्षांपूर्वी ही पहिल्यांदा परत यायला लागली तेव्हापासनं हेच. म्हशीशी बोलतो, हिने ऐकायचं. आज म्हशीला म्हणाला, "उद्या खालच्या खाचरात जायचंय, लवकर उठायला पायजे कोणीतरी." म्हैस उठली नाय. नंदा उठेल.

मंगळ. १४ जुलै

आतापर्यंतचं वाचून दाखव म्हटलं. वाचलं. एक ओळ कमी.

"मी सांगितलं होतं, बसमधून रडत आली. ते कुठाय?"

"गाळलं."

"घाल परत."

मला अक्षर येत नाय म्हणून ही पोरगी मला फसवायला बघते. अगो, अख्खी रात्र चालेल एवढे धवले मी ऐकून पाठ केलेत. एकदा कानात गेलेलं माझ्या कानातनं कोण चोरत नाय.

(घातलं परत. पण रडले नव्हते, डोळ्यात कायतरी गेलं होतं. – नं.)

काय लिहिलंस आता? वाच. … राहू दे. डोळ्यात शहापूर गेलं होतं.

रवि. २६ जुलै, नागपंचमी

पावणा आला. मिलिंद. नंदाच्या संस्थेतला, मुंबईला बँकेत आहे. चांगला उंच, गोरा, चिखलात बूट घालून आला. सुनेने हळदीच्या पानातले पातोळे दिले तर पानासकट खायला लागला. नंदाने पान सोलून दाखवलं.

मी विचारलं, "लग्न?"

"आजी, मला मुलगी नको."

"मग मुलगा बघू?"

त्याचा घास अडकला. नंदा आत पळाली.

"मी धवलारीण आहे रे. आमच्याकडे भट येतो तो अक्षता टाकण्यापुरता. मांडवात बसून धवले गाऊन लग्न लावते ती मी. नवरा कोण ते सांग, बाकी माझ्यावर सोड."

मग हळू म्हणाला, "आहे एक जण. बारा वर्षं झाली."

"म्हणजे हळदच राहिलीय."

एवढा मोठा माणूस, कान लाल झाले. मला आवडला.

कागद घेऊन आला होता. हे लोक सरकारकडे कायदा मागणार, त्यात काय पायजे ते लिहिलंय. मी म्हटलं मोठ्याने वाच. डोळे मिटून ऐकलं. कोणाला कामावरनं काढायचं नाय, खोलीतनं हाकलायचं नाय, शाळेत, दवाखान्यात दारातनं परत पाठवायचं नाय. आणि कोणाला ते पुढे: समलिंगी पुरुष, समलिंगी स्त्रिया, हिजडे, आणि जन्मताना लिहिलं त्याहून वेगळे जगणारे. अशी चार नावं. शेवटचं कोण ते विचारलं. मिलिंदने नंदाकडे बोट केलं.

दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग मी म्हटलं, बस, आलं.

"काय आलं, आजी?"

"पाठ."

हसला. हसू दे.

रवि. १६ ऑगस्ट

आज मनीषा लिहितेय. नंदाची धाकटी बहीण. अक्षर बारीक आहे म्हणते, मला काय, मला सगळं सारखंच.

मनीषाला बघायला टोकावड्याचे पावणे आले होते. पोरगा चांगला. ढाब्यावर नोकर म्हणून लागला, आता निम्मा ढाबा त्याचा. बोलताना मनीषाकडे बघतो, घड्याळाकडे बघत नाय.

नंदा लिहायला का नाय ते लिही. काल बाळू म्हशीला म्हणाला, "पावणे येतील तेव्हा ज्याचं शहापूरला काम असेल त्याने सकाळच्या गाडीने जावं." शहापूरला नंदाचं आता एकच काम उरलंय, मशीनचा पायाचा स्टँड आणायचा. गेली. मनीषाची साडी रात्री तिनेच फॉल लावून ठेवली होती.

पावण्यांनी विचारलं, मुलीला भावंडं किती? बाळू म्हणाला, एक मोठी बहीण, वनिता, ती सासरी. मी तिथेच सुपारी कातरत बसले होते. तोंड होतं मला. सुपारी कातरली.

मनीषा म्हणतेय हे नको लिहू. लिही गो. नंदा वाचेल म्हणूनच लिही.

मंगळ. १८ ऑगस्ट

नंदा परत आली. वाचलं. स्टँड आणलाय, ओटीवर मशीन उभं केलं. धसईच्या बायका पहिल्याच दिवशी दोन ब्लाउज देऊन गेल्या. मापाला कोण लाजलं नाय.

शुक्र. १८ सप्टें., सर्वपित्री

आज पितरांना जेवू घातलं. मेलेल्यांना नावाने हाक मारून बोलावलं. कावळा लगेच आला, सासरा जिवंतपणीही जेवायला पहिला असायचा.

दुपारी नंदा वहीच्या पाठच्या बाजूला धवले उतरवत होती. आवतणाचा धवला आला. मांडव उभा राहिला की हा पहिला. देवांना आवतण, पितरांना, वेशीवरच्याला, पाणवठ्यावरच्या सातीजणींना, उंबराला, वारुळातल्याला, सुताराला, कुंभाराला. मग घरातल्यांना, एकेकाला नावाने. नाव घेतलं की तो मांडवातला. नाव घेतलं नाय तर मांडवात उभा असला तरी बाहेरचा. एकाला विसरलं तर लग्नाला खोट, म्हणून धवलारीण विसरत नाय.

मी घरातल्यांपर्यंत आले आणि थांबले.

नंदा म्हणाली, "पुढे?"

पुढे लिही. सन ९८, वैशाख. वनिताचं लग्न. आदल्या संध्याकाळी बाळू म्हणाला, आये, नंदूचं नाव घेऊ नको. तेव्हा नंदू एकोणीस वर्षांचा, केस वाढवलेले, डोळ्यांत काजळ, सोयरे कुजबुजत होते. मी म्हटलं, बरं. मांडवात सगळी नावं घेतली. बाप, आई, नवरी, धाकटी मनीषा. मधलं नाव गाळलं. नंदू तिथेच उंबराच्या फांदीजवळ उभा होता. आवतण त्याला माझ्याइतकंच पाठ, लहानपणापासून माझ्या मांडीवर झोपून ऐकलेलं. कुठे येतं नाव ते त्याला माहीत. बायकांना कळलं नाय. त्याला कळलं.

सकाळी अंथरुणाची घडी घातलेली, नंदू नव्हता. सात वर्षं.

माझ्या अख्ख्या जन्मात मी एकच नाव विसरले, आणि ते विसरले नव्हते.

नंदाने सगळं लिहिलं. मी म्हटलं, वाच. वाचलं. एक अक्षर गाळलं नव्हतं.

मग म्हणाली, "पुढचा धवला सांग, आजी. तेलाचा."

रवि. ४ ऑक्टो.

शहापूरला नंदाच्या संस्थेच्या सभेला जाऊन आले. या वयात. नंदा नको म्हणत होती, मी म्हटलं तुझं आवतण आहे, मी नसले तर कोण गाणार.

एका शाळेचा हॉल. पन्नासेक माणसं. मुंबईची, कल्याणची, आपल्याकडची पण. बाकावर एक म्हातारा जोडा, दोघेही बापे, एकाचा चष्मा दुसऱ्याच्या खिशात. माझ्या शेजारी कल्याणची एक उंच बाई बसली, हिरवी साडी, बांगड्या कोपरापर्यंत. तिने मला पान दिलं, मी दात दाखवले, म्हणजे नसलेले. तिने स्वतः चावून मऊ करून दिलं. असं माझ्या सुनेने कधी केलं नाय. (सून आतून ऐकतेय. ऐकू दे.)

मिलिंद उभा राहिला. कागद मोठ्या लोकांनी, वकिलांनी बघून नीट केलाय म्हणाला. वाचला. मी डोळे मिटले. कामावरनं काढायचं नाय, आलं. खोलीतनं, आलं. शाळा, दवाखाना, आलं. समलिंगी पुरुष, समलिंगी स्त्रिया, आणि पुढे एकदम "यांना समान वागणूक".

मी डोळे उघडले. कोणाच्या ध्यानात आलं नाय. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवायला घेतल्या.

मी म्हटलं, "बाबा, थांब. तुझ्या आवतणातले दोन पावणे कमी झाले."

"काय आजी?"

"नागपंचमीला चार होते. आता दोन. हिजडे कुठे गेले? नि जन्मताना लिहिलं त्याहून वेगळे जगणारे?"

मिलिंद कागदाकडे बघायला लागला. नंदा माझा पदर ओढत होती, तिलाही तेव्हाच कळलं. मग तो म्हणाला, तसा खोटं बोलणारा पोरगा नाय, "आजी, काढले नाहीत. पुढे ढकललेत. सगळं एकदम मागितलं तर काहीच मिळणार नाही असं वकील म्हणतात. हा कायदा सोपा आहे, हा होऊ दे. मग नंदासाठी वेगळा मागू."

"म्हणजे आधी लग्न उरकू, नवरीच्या बहिणीला पुढच्या वर्षी बोलावू?"

हॉल हसला. मिलिंद हसला नाय.

मी म्हटलं, "तुला खोलीतनं कोणी काढलंय?"

"नाही."

"कामावरनं?"

"बँकेत माहीत नाही कोणाला."

"हिला दोन्हीकडनं काढलं. आणि तुझ्या कागदावरनं काढलं ती तिसरी जागा. ज्याच्या डोक्यावर पत्रा नाय त्याला म्हणतोस तू थांब, आधी आमचं घर शाकारून घेतो."

मग मी उठले, आणि नागपंचमीचा कागद सगळा म्हणून दाखवला. तोंडी. नुसतं बोलायला गेलं की मला आठवत नाय, चाल लागते, म्हणून आवतणाच्या चालीवर म्हटला. कामावरनं, खोलीतनं, शाळा, दवाखाना, चारी नावं. लोक आधी हसले. मग पुढे सरकून ऐकायला लागले. शेवटच्या नावाला हिरव्या साडीवालीने ओळ उचलली, आमच्यात दुसरी बाई उचलते तशी. तिला कोणी शिकवलं नव्हतं. मग नंदाने उचलली. मग म्हाताऱ्या जोडीतल्या एकाने, बेसूर.

मिलिंद म्हणाला, "मी हे समितीपुढे नेतो, आजी. कबूल करवून घेईनच असं सांगत नाही."

"नेतोस एवढं सांग."

"नेतो."

परतीच्या गाडीत नंदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तीस वर्षांची घोडी. खांदा दुखतोय. शेक दे.

मंगळ. १३ ऑक्टो.

मतदान. सगळे धसईला जाऊन बोटाला शाई लावून आले. नंदा गेली नाय. यादीत नंदू, पुरुष, आणि फोटोत मिशी फुटू लागलेली. "तिथे उभी राहिले तर तो क्लार्क म्हणेल भाऊ आला नाही का."

संध्याकाळी बाळू म्हशीला विचारत होता, "म्हातारीने शहापुरात गाणं म्हटलं म्हणे. काय गाणं म्हटलं असेल?"

नंदाने ओटीवरनं, शिलाई न थांबवता, सगळं सांगितलं. म्हशीला.

बाळू दूध काढत राहिला. बादली भरून वाहायला लागली तेव्हा त्याला कळलं.

रवि. १८ ऑक्टो., दिवाळी

मिलिंदचा फोन. समितीत भांडण झालं. तीन जण म्हणतात दोनच नावं बरी, तिघे म्हणतात चार पायजेत, मिलिंद चारवाल्यांत. एकाने विचारलं म्हणे, ही आजी कोण, कुठल्या कॉलेजची?

मनीषाचं ठरलं. २९ नोव्हेंबर. घरात एका बाजूला धान, एका बाजूला ब्लाउज पीस.

माझा आवाज पाण्यात पडलेल्या पापडासारखा झालाय. आणि माझी जोडीण गंगू दोन वर्षांपूर्वी वारली. धवला दोघींचा असतो, एकीने म्हणायचं, दुसरीने उचलायचं. मी सगळ्यांना सांगून ठेवलं, माझं म्हणणं नंदा उचलेल. सून म्हणाली, "आत्याबाई, पण धवले बायाच…" मी बघितलं तिच्याकडे. सून म्हणाली, "नाय, बरोबर, तिचा आवाज चांगला आहे."

शनि. १४ नोव्हें.

नंदाने पेपर वाचून दाखवला. मतदार यादीत आता पुरुष, स्त्री, आणि तिसरं "इतर" असं राहणार. नंदा खूश. मी म्हटलं, इतर म्हणजे लग्नपत्रिकेत शेवटी छापतात ते "समस्त गावकरी मंडळी" का?

"असू दे गो आजी. पत्रिकेत तरी आले."

खरंय. मला चेष्टेची खोड, तिला पत्रिकेची भूक. पण "इतर"मध्ये जायचं की "स्त्री"त, यावर तिचं अजून ठरत नाय. म्हणते, विचारलं तर पहिल्यांदाच कोणीतरी. करू दे विचार, तिला घाई नाय.

गुरु. २६ नोव्हें.

टोकावड्याहून निरोप. व्याह्याचा माणूस आला, चहा पिऊन झाल्यावर खाकरला. "आमच्या मामांचं म्हणणं, तुमचा तो… म्हणजे ती… मांडवात पुढे नसलेली बरी. आमच्याकडची माणसं जुनी आहेत."

मी म्हटलं, "तुमच्याकडची जुनी, मी काय कालची?"

बाळूने मला हाताने गप्प केलं. त्या माणसाला म्हणाला, "बघतो."

बघतो. अकरा वर्षांपूर्वीही हाच शब्द होता त्याच्या तोंडात. त्याचं बघणं मला माहीत आहे.

नंदा आत मनीषाच्या ब्लाउजला हुक लावत होती. दार उघडं होतं. मनीषा म्हणाली, "ताई नसेल तर मी पाटावर बसणार नाय." नंदा तिला म्हणाली, "गप गो, हलू नको, हुक वाकडा जाईल."

मला म्हणाली, "मी मांडवाच्या मागे बसून उचलीन, आजी. आवाज येईल, मी दिसणार नाय."

मी लिहून घे म्हटलं: नाय. यावेळी नाव घेणार. सोयरीक मोडली तर मोडली, मनीषाला विचारलंय. ती म्हणते घे.

हात थांबवू नको. लिही.

सोम. ३० नोव्हें.

लग्न झालं. सगळं सांगते, गाळू नको.

मांडवात मी पाटावर, माझ्या डाव्या हाताला नंदा. पुढे. मागे नाय. हिरवी साडी नेसली, स्वतः शिवलेला ब्लाउज, गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगावरही तिचेच. व्याही समोर, त्याची दोन जुनी माणसं बाजूला. बाळू उंबराच्या फांदीजवळ उभा. बरोबर त्याच जागी.

आवतण घेतलं. मी म्हणायची, नंदा उचलायची. देव आले, पितर आले, वेशीवरचा आला, सातीजणी आल्या. माझा आवाज फाटका, हिचा भरलेला, माझी फाटकी बाजू ती शिवत होती. बायका म्हणायला लागल्या, गंगू परत आली गो.

मग घरातले. बाप बाळू. आई अनुसया. थोरली वनिता, तीही पोरांना घेऊन समोर बसली होती. आणि पुढचं नाव. छाती भरून घेतली आणि खोकला आला. असा खोकला की डोळ्यांपुढे काजवे. सून पाणी घेऊन आली, पाणीही गिळवेना. मी नंदाला हात केला, तू म्हण. ती मान हलवते, नाय. बरोबर होतं तिचं. आवतण दुसऱ्याने द्यायचं असतं, स्वतःला कोण आवतण देत नाय.

आता बायकांनाही कळलं कुठलं नाव यायचं होतं. व्याही मान वर करून बघायला लागला. मी खोकतेय आणि मनात म्हणतेय, म्हातारे, दुसऱ्यांदा मेलीस.

तेवढ्यात उंबराकडनं आवाज. बाळूचा. म्हशीला हाक मारतो तो.

"नंदा! माझी मधली लेक. म्हणा की गो, थांबल्या कशाला?"

बापे धवले म्हणत नायत. सूर तर रेड्याचा. पण लिही, जसं म्हणाला तसं लिही.

बायका आधी फिस्सकन हसल्या. मग सगळ्यांनी एकदम उचललं. मधली लेक नंदा, आवतण नंदाला. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा वनिताने एकटीने म्हटलं. नंदाने उचललं नाय. तिचं तोंड पदरात होतं.

(डोळ्यात कायतरी गेलं होतं. – नं.)

व्याही उठून गेला नाय. जेवण अजून व्हायचं होतं. त्याचं एक जुनं माणूस मात्र जेवून जाताना नंदाला विचारत होतं, बायकोचं माप पाठवलं तर शिवशील का.

आज सकाळी मांडव उतरवताना बाळू ओटीवर आला. नंदाकडे बघून म्हणाला, "चा घेतलास का?"

नंदाने मागे वळून बघितलं, म्हैस कुठे आहे. म्हैस गोठ्यात होती.

रवि. २० डिसें.

मिलिंदने टपालाने कागद पाठवला. तिसऱ्यांदा लिहिलेला. सोबत चिठ्ठी, आजींना मोठ्याने वाचून दाखवा.

नंदाने वाचला. मी डोळे मिटले. कामावरनं, खोलीतनं, शाळा, दवाखाना. समलिंगी पुरुष. समलिंगी स्त्रिया. हिजडे. जन्मताना लिहिलं त्याहून वेगळे जगणारे.

चार.

मग नंदा थांबली. "आजी, शेवटची दोन कंसात आहेत."

"कंस म्हणजे?"

"अशा दोन काठ्या, दोन्ही बाजूंनी. म्हणजे अजून पक्कं नाय. जानेवारीत मोठी बैठक आहे, तिथे ठेवायची की काढायची ते ठरणार."

"म्हणजे उंबऱ्यावर उभी केलीत."

"हो. तशीच."

नंदा रडेल वाटलं मला. ती मशीनवर बसली, ब्लाउजचा हात जोडायला घेतला आणि म्हणाली, "बैठक मुंबईला आहे. मिलिंद विचारतोय, तू येशील का."

मी म्हटलं, घसा बसलाय, कंबर गेलीय, मुंबईत मला पान कोण चावून देणार.

"कल्याणवाली येणार आहे."

मग विचार करायला पायजे.

बाळू ओटीवर बसून ऐकत होता. म्हणाला, "नंदा, त्या काठ्या काढायला किती माणसं लागतात?"

तिला माहीत नाय. मला माहीत नाय. पण कागद मोठ्याने वाचणार असतील तर मी ऐकणार. त्यांना एवढंच कळव, म्हातारीच्या कानाला अजून काय झालेलं नाय.